वकीलवाडीतलं काकांचं पार्टचं दुकान, आणि माझं घरी बनवलेलं साउंड कार्ड

नाशिकच्या एमजी रोडवरून वकीलवाडीत शिरलं की मोबाईल कव्हरवाल्यांच्या गर्दीत एक अरुंद दुकान आहे, पाटी इतकी पुसट झालीय की चार महिने जातोय तरी नाव नीट वाचता आलेलं नाही, सगळे काकांचं दुकान म्हणतात. मी तिथे पंधरा तरी चकरा मारल्या असतील कारण घरी जुन्या ३८६ कॉम्प्युटरसाठी (३८६ म्हणजे त्यातला प्रोसेसर) साउंड कार्ड बनवत होतो, म्हणून हा रिव्ह्यू.

आधी थोडं कार्डाबद्दल. १९८७ मध्ये कॅनडातल्या ॲडलिब कंपनीने कार्ड काढलं, त्यात यामाहाची वायएम३८१२ चिप, एकावेळी नऊ आवाज. ते नसेल तर पीसीत नुसता एक स्पीकर, टीं टूं. माझा ३८६ सातपूरच्या एका कंपनीच्या भंगारातून आलेला, त्यावर प्रिन्स ऑफ पर्शिया गेम टीं टूं वरच चालायचा. ओरिजिनल कार्डाची किंमत ऐकून बायको नुसती हसली, बोलली काहीच नाही, म्हटलं चला मग बनवूच. तसं त्यात गुपित काही नाही, यामाहाची चिप, तिच्याच जोडीची वायएम३०१४ डीएसी (आकड्यांचा आवाजाचा सिग्नल करणारी), पोर्ट ३८८ म्हणजे कार्डाचा पत्ता ओळखायला एक-दोन ७४ सिरीजच्या आयसी, आठ डेटा लाइनींना मध्ये २४५ नावाची बफर आयसी आणि शेवटी छोटा ॲम्प्लिफायर. क्लॉकसाठी क्रिस्टलसुद्धा लागत नाही, आयएसए स्लॉटच्याच (जुन्या पीसीत कार्ड खोचायची जागा) एका पिनवर १४.३१८ मेगाहर्ट्झ असतो, एका ७४७४ ने त्याला चारने भागलं की ३.५८, चिपला तेवढाच हवा.

अडलं ते स्लॉटमध्ये जाणाऱ्या कडेपाशी. दोन्ही बाजूंना ३१-३१ पट्ट्या, हे डॉट पीसीबीवर (नुसत्या भोकांच्या तयार बोर्डावर) घरी कसं करणार? काकांना सांगितलं तर ते काउंटरखाली वाकले आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला, आत सगळी मेलेली आयएसए कार्डं. त्यातलं एक प्रिंटर पोर्टचं कार्ड उचललं, पट्ट्या खोडरबरने घासल्या, चकाकल्या. म्हणाले, "याच्यावर २४५ आहेच बघ, ती काढू नकोस, तिच्याच पायांवरून वायर ओढ, आठ लाइनी आयत्या मिळतील." साठ रुपये. हा सल्ला मला कुठल्याच व्हिडिओत मिळाला नव्हता.

ॲम्प्लिफायरला एलएम३८६ आयसी मागितली तर विचारतात, "३८६ कुठला, गाणारा का गणितं करणारा?" हा जोक ते नव्वद सालापासून मारत असणार.

यामाहाच्या चिप दुकानात मिळत नाहीत, त्या मी ऑनलाइन मागवल्या, दोन नग. काकांनी कापसाला थिनर लावून दोन्ही पुसल्या, एकीचा काळा रंग सरळ कापसावर आला आणि खाली दुसराच नंबर दिसायला लागला. म्हणजे भलत्याच चिपला रंग मारून यामाहा करून विकलेली. विक्रेत्याने पैसे परत दिले, पण तीन आठवडे भांडून. दुसरी जुन्या बोर्डावरून काढलेली होती पण खरी होती.

आता मुख्य गोष्ट. कार्ड लावलं, धूर आला नाही, पण गेम काही कार्ड ओळखेना. ॲडलिब आहे का हे गेम चिपच्या टायमरवरून बघतात, तेच मी डॉसच्या डिबग प्रोग्राममध्ये हाताने केलं (आकडे सगळे हेक्स, म्हणजे सोळाच्या हिशोबातले), ३८८ वर ४ आणि ३८९ वर ६०, मग परत ४ आणि ८०, आणि आता स्टेटस वाचायचा. या चिपचा तो ०६ यायला पाहिजे, मला दरवेळी ४६. दोन रात्री प्रोग्रामला शिव्या घातल्या. मग कार्ड पिशवीत घालून काकांकडे. त्यांना यामाहा-बियामाहाचं काही घेणं नव्हतं, म्हणाले, "चाळीस जास्त येतंय ना? मग डी६ वर अडकलाय." डी६ म्हणजे आठ डेटा लाइनींपैकी एक, हेक्समधले ४० तिचेच. भिंगाच्या दिव्याखाली कार्ड धरलं, डी६ च्या पायाभोवती केसासारखी गोल चीर, टाका बाकीच्यांपेक्षा मळकट. ड्राय सोल्डर, म्हणजे टाका नीट धरलेलाच नाही. पाय हवेत, म्हणून २४५ ती लाइन कायम १ वाचणार. थोडा फ्लक्स, गन टेकवली दोन सेकंद, झालं. पैसे घेतले नाहीत, वर "चिपच्या सप्लायला १०४ का नाही लावलास" म्हणून झापलं (१०४ म्हणजे ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर).

तक्रारी पण आहेत. दोन ते चार दुकान बंद, आणि चारला उघडेलच असं नाही. बिल मागितलं तर पेनाने पाकिटावर आकडा लिहून देतात. एकदा १०४ मागितले आणि घरी येऊन बघतो तर अर्धे १०३ निघाले, डोळे आता थकलेत त्यांचे, तेव्हा कपॅसिटर तिथेच बघून घ्या. आणि पार्किंगचं नावच काढू नका, गाडी लांब लावून चालत जा. घाई असेल आणि नेमका पार्ट नंबर माहीत असेल तर सरळ ऑनलाइन मागवा, इथे रांगेत तुमच्या पुढे मिक्सर आणि इन्व्हर्टरवाले असतात आणि काका सगळ्यांशी सारखंच निवांत बोलतात.

पाचपैकी चार स्टार. खर्च ऑनलाइन चिप धरून दीड हजाराच्या आतच राहिला.

प्रिन्सचं म्युझिक मोबाईलवर रेकॉर्ड करून काकांना ऐकवलं, मला वाटलं खूश होतील. त्यांनी फोन कानाला लावला, डोळे मिटले, आणि म्हणाले, "मागे बारीक शिटी येतेय. ऑडिओचा ग्राउंड वेगळा ओढ." मला ती शिटी तोवर ऐकूच आली नव्हती, आता दुसरं काही ऐकू येत नाही. शनिवारी परत जायचंय, शिल्डेड वायर आणायला.