हार्टलपूलची ‘ट्रिंकोमाली’: फ्रेंच घडण, मलबारचे सागवान

शिडांच्या काळातील युद्धनौका पाहण्यासाठी इंग्लंडला जाणारे बहुतेक पर्यटक पोर्ट्समथ गाठतात आणि ब्रिटिश नौसेनापती नेल्सनची ‘व्हिक्टरी’ पाहून परततात. त्यात गैर काहीच नाही, कारण ट्रफाल्गरला, म्हणजे १८०५ मध्ये ब्रिटिशांनी फ्रेंच-स्पॅनिश आरमार हरवले त्या लढाईत, प्रत्यक्ष लढलेली दुसरी नौका आज शिल्लक नाही. मात्र ब्रिटिश आणि फ्रेंच आरमारांच्या झुंजीत जहाजे कोणाची सरस होती आणि तरीही विजय वारंवार कोणाच्या पदरात पडत होता, हे ज्याला समजून घ्यायचे आहे त्याने ईशान्य किनाऱ्यावरील हार्टलपूलला जावे आणि तेथील ‘एचएमएस ट्रिंकोमाली’ पाहावी, असे मी सुचवीन.

या नौकेने फ्रेंचांवर एकही गोळा डागलेला नाही, हे आधीच सांगितलेले बरे. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईच्या गोदीत ती पाण्यात उतरली, तेव्हा नेपोलियनचा अखेरचा पराभव करणारी वॉटर्लूची लढाई होऊन दोन वर्षे उलटली होती. तिचा आराखडा मात्र थेट त्या वैरातून आलेला आहे. १७८२ मध्ये ‘रेनबो’ या ब्रिटिश जहाजाने ‘हेबे’ ही नवीकोरी फ्रेंच फ्रिगेट, म्हणजे तोफांचा एकच मुख्य मजला असलेली वेगवान युद्धनौका, पकडली. ‘रेनबो’वर आखूड पण प्रचंड तोंडाच्या कॅरोनेड तोफा प्रयोगादाखल बसवलेल्या होत्या, आणि तिचा अवजड गोळा येऊन आदळताच समोर मोठे लढाऊ जहाज असावे अशा समजुतीने फ्रेंच कप्तानाने जवळजवळ न लढताच निशाण उतरवले. जॅक-नोएल साने यांनी आखलेले ‘हेबे’चे सांगाडे ब्रिटिशांना इतके आवडले, की त्याच रेषांवरून त्यांनी ‘लीडा’ वर्गाच्या फ्रिगेटी वर्षानुवर्षे बांधल्या. ‘ट्रिंकोमाली’ त्यांपैकीच एक आहे.

म्हणूनच येथे पाहण्यासारखी खरी गोष्ट म्हणजे तिचा बांधा. मुख्य तोफमजल्यावर उभे राहून तोफांच्या झरोक्यांतून खाली पाहिले, की त्या पाण्यापासून किती उंचावर आहेत हे लक्षात येते. फ्रिगेटीचा सर्वांत खालचा मजला माणसांना झोपण्यासाठी असे आणि तोफांची मुख्य रांग त्याच्या वर असे, त्यामुळे खवळलेल्या समुद्रातही ती चालवता येई. याचे मोल जानेवारी १७९७ मध्ये ब्रिटनी किनाऱ्याजवळ दिसले. ‘ड्रॉआ द लॉम’ या दोन तोफमजल्यांच्या, ७४ तोफांच्या फ्रेंच जहाजाला ‘इन्डिफॅटिगेबल’ आणि ‘ॲमेझॉन’ या दोन फ्रिगेटींनी वादळात रात्रभर झुंजवले. लाटा आत शिरत असल्यामुळे त्याला खालच्या मजल्यावरील जड तोफांचा धड उपयोगच करता आला नाही आणि अखेर ते किनाऱ्यावर आपटून फुटले. ‘ॲमेझॉन’ही त्याच किनाऱ्यावर फुटली. ‘ट्रिंकोमाली’च्या मजल्यावर ही हकीकत जशी उलगडते, तशी कोणत्याही नकाशावरून उलगडणार नाही.

मग फ्रेंच हरत का होते? ब्रिटिशांच्या नाकेबंदीमुळे त्यांची जहाजे महिनोन्महिने बंदरातच अडकून पडत आणि खलाशांना तोफांचा सराव घडत नसे. शिवाय त्यांचा नेम बहुधा शिडे आणि डोलकाठ्यांवर असे, तर ब्रिटिश गोळे थेट कुशीत घुसत. सुमारे दोन टनांची तोफ आठ-दहा जणांनी दोरखंडांनी मागेपुढे ओढायची, तीही वाकून आणि धुरात, हे डोळ्यांसमोर आणले की सरावाला इतके महत्त्व का होते ते वेगळे सांगावे लागत नाही.

मराठी वाचकाला मुंबईचा धागा अर्थातच सुखावेल. जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मलबारच्या सागवानात ही नौका घडली, आणि ओक कुजून जातो तेथे सागवान टिकते याचा हा तरंगता पुरावा आहे. ब्रिटनमध्ये अजूनही पाण्यावर असलेली सर्वांत जुनी युद्धनौका हीच. तिचे आराखडे मुंबईस नेणारी ब्रिटिश फ्रिगेट ‘जावा’ १८१२ मध्ये अमेरिकी ‘कॉन्स्टिट्यूशन’शी लढताना कामी आली आणि नवी प्रत पाठवावी लागली. गंमत अशी, की ‘जावा’ही मूळची फ्रेंच नौकाच होती, मादागास्करजवळ पकडलेली.

नौकेभोवती त्या काळातील बंदराचा धक्का पुन्हा उभारलेला आहे; तो मुलांना आवडेल, पण मोठ्यांनी आपला वेळ जहाजासाठीच राखून ठेवावा. जिने उभे आहेत आणि खालच्या मजल्यावर ताठ चालता येत नाही, त्यामुळे गुडघेदुखी असणाऱ्यांनी विचार करूनच उतरावे. उत्तर समुद्राचा वारा उन्हाळ्यातही बोचतो. शिवाय १८४० च्या दशकात तिच्या तोफा कमी करून २६ केल्या गेल्या, त्यामुळे ‘लीडा’ वर्गाची मूळची पूर्ण भरलेली तोफांची रांग डोळ्यांसमोर आणण्याचे काम पाहणाऱ्याकडेच राहते.

किनाऱ्यावर वाहून आलेल्या एका माकडाला फ्रेंच हेर समजून गावकऱ्यांनी फासावर दिले, अशी दंतकथा याच गावाची आहे. तिचा पुरावा नाही, पण गावकरी ती आनंदाने मिरवतात. पुढे स्कॉटलंडला जाणार असाल तर डंडी येथील ‘युनिकॉर्न’ही पाहावी. ती याच वर्गाची, १८२४ ची, पण तिच्यावर डोलकाठ्या कधी चढल्याच नाहीत. वर छप्पर घालून ती तशीच राखून ठेवली गेली.