कॉइलचे हीटर उतरवले, हीट पंप लावला: एका अख्ख्या हिवाळ्यानंतर

थंडीच्या तोंडावर बसवलेला हीट पंप परवा पहिल्यांदा बंद केला. सात महिने झाले, मीटरचे आकडे वहीत लिहिलेले आहेत, तेव्हा आता बोलायला हरकत नाही. पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर नुसत्या शिव्या घातल्या असत्या.

घर जुनं, दगडी भिंतींचं, उंच छताचं. भिंती जाड म्हणजे घर उबदार, असा आमचा कित्येक वर्षांचा समज. दगड उष्णता साठवतो, पण अडवत नाही. हिवाळाभर आम्ही भिंतीच तापवत होतो. प्रत्येक खोलीत एक कॉइलचा हीटर होता आणि बिल आलं की घरात दोन दिवस कोणी फारसं बोलायचं नाही.

त्या हीटरना मात्र नावं ठेवणार नाही. एक युनिट वीज घेतात, एक युनिट उष्णता देतात. तेलाचा घ्या, सिरॅमिकचा घ्या, हिशोब तोच. 'कमी वीज खाणारा हीटर' अशी जाहिरात दिसली तर सरळ पुढे जा. हीट पंपाची गोष्ट वेगळी, कारण तो उष्णता तयारच करत नाही, बाहेरच्या हवेतली ओढून आत आणतो. फ्रिज उलटा फिरवला असं समजा. बाहेर ७ अंश असताना चांगलं यंत्र एका युनिटमागे ३ ते ४ युनिट उष्णता आत आणतं. पारा उणे १० च्या आसपास गेला की हाच आकडा २ च्या जवळ उतरतो. म्हणजे नेमकी गरज जास्त तेव्हा त्याचा जोर कमी. विकणारा हे सहसा आपणहून सांगत नाही. तरीही कॉइलच्या दुप्पटच.

यंत्र घ्यायच्या आधी एक काम केलं, आणि ते आधी केलं हे नशीबच. वारा सुटलेल्या दिवशी पेटती उदबत्ती घेऊन खिडक्या-दारांच्या कडांवरून फिरलो. धूर कुठे आडवा पडतो ते बघायचं. खिडक्या मी धरूनच चाललो होतो, पण सगळ्यात मोठी गळती निघाली माळ्यावर जायच्या झडपेतून. गरम हवा वर जाते, आमची थेट माळ्यावर जात होती. झडपेला रबरी पट्टी, माळ्याच्या जमिनीवर उष्णता अडवणाऱ्या खनिज लोकरीचा जाड थर, चौकटींच्या फटींत सीलंट. हे झाल्यावर जुन्याच हीटरवर फरक जाणवला, आणि आधी सुचवलेल्यापेक्षा लहान यंत्र पुरलं. विकणाऱ्यानं सगळ्या हीटरच्या वॉटची बेरीज करून तेवढं मोठं यंत्र गळ्यात मारायची तयारी केली होती. गरजेपेक्षा मोठं यंत्र बेताच्या थंडीत सारखं बंद-चालू होत राहतं, वीजही खातं आणि कॉम्प्रेसरही झिजतो.

आता पहिला महिना. बिल जेमतेम उतरलं. चूक आमचीच, आम्ही त्याला हीटरसारखं वागवलं. बाहेर जाताना बंद, आल्यावर २७ वर लावून पंख्याचा जोर पूर्ण. रात्री परत बंद. रोज सकाळी गारठलेलं दगडी घर तापवायला यंत्र फुल दमानं धावत होतं, आणि फुल दमानं धावतानाच त्याची कार्यक्षमता सर्वांत कमी असते. वर आई हात समोर धरून विचारायची, "अरे, हे चालू आहे ना?" तिचा प्रश्न बरोबर होता. लाल कॉइलसमोर बसायची सवय, आणि इथून येणारी हवा कोमट. दुसऱ्या महिन्यापासून २० वर लावून ठेवलं, रात्री फक्त दोन अंश कमी, पंखा ऑटोवर, आणि रिमोटला हात लावायचा नाही असा घरात नियम. भिंती एकदा तापल्या आणि तिथून पुढे मजा आली. जी जाडी नडत होती तीच कामाला आली.

हीट पंपाचे दोन भाग असतात, एक घरात आणि एक बाहेर. आतल्या युनिटचा तापमान मोजणारा सेन्सर छताजवळ असतो, तिथली हवा जास्त गरम. त्यामुळे त्याच्या लेखी २० झाले तरी खुर्चीत बसलेल्याला १८ च. आमच्या रिमोटमध्ये सेन्सर आहे, तो चालू करून टेबलावर ठेवला. तुमच्यात नसेल तर दोन अंश वर लावा.

कडाक्याच्या थंडीत बाहेरच्या युनिटमधून अचानक वाफेचा लोट निघतो. पहिल्यांदा आग लागली असं वाटून मी अनवाणी धावलो होतो. ते डीफ्रॉस्ट: बाहेरच्या युनिटच्या नळ्यांवर साचलेला बर्फ वितळवायला यंत्र काही मिनिटं उलटं चालतं, तेवढा वेळ आत ऊब येत नाही. पण त्या वितळलेल्या पाण्याचा विचार बसवणाऱ्यानं केलाच नव्हता. ते थेट पायवाटेवर पडून गोठायचं, आणि एकदा मी सपशेल आडवा झालो. युनिट शेवटी स्टँडवर उंच घेतलं, खाली खडीचा खड्डा केला. त्याच वेळी ते झोपायच्या खोलीच्या भिंतीवरून हलवलं, रात्री भिंतीतून घूं असा आवाज यायचा. आता येत नाही.

फिल्टर दर पंधरा दिवसांनी धुवा. सोपं आहे, विसरायला होतं.

आकडे: ऐन थंडीत आधी दिवसाला सरासरी ४६ युनिट जात, या वर्षी तेवढ्याच थंडीत १९. यात माळ्याचा वाटा किती आणि यंत्राचा किती, हे मला वेगळं काढता आलेलं नाही.

सगळे हीटर मात्र काढले नाहीत. बाथरूममध्ये दहा मिनिटांसाठी कॉइलच बरा. मागच्या खोलीचं दार बंद असलं की तिथे ऊब पोचत नाही, म्हणून तिथलाही ठेवलाय. दाराला खालून बोटभर फट काढून बघणार आहे, नाही जमलं तर पुढच्या थंडीआधी तिथे दुसरं लहान युनिट.