पहिली सेना कोणाची? मॅसिडोनियाचा फॅलँक्स की रोमचे लीजन

प्राचीन लढायांचा टेबलावरचा खेळ सुरू करू पाहणारा माणूस पहिल्या सेनेपाशी अडतो, आणि बहुतेक वेळा त्याच्यापुढची दोन नावे ठरलेली असतात: मॅसिडोनियाचा फॅलँक्स, म्हणजे लांब भाले रोखून दाटीने उभी राहणारी पायदळाची रचना, किंवा प्रजासत्ताक काळातले रोमन लीजन, म्हणजे लहान लहान तुकड्यांत लढणारी रोमची सेना. या दोन्ही सेना मी रंगवल्या आहेत आणि दोन्ही घेऊन खेळलो आहे, त्यामुळे नियम, फासे आणि मोजपट्टी यांची चर्चा येथे न करता केवळ निवडीपुरते लिहितो. खाली सर्वत्र २८ मि.मी. उंचीची चित्रे गृहीत धरली आहेत. ‘चित्रे’ हा शब्द दिवाळीच्या किल्ल्यावरचा आहे. लहानपणी मातीच्या मावळ्यांना आम्ही तेच म्हणत असू, आणि प्लॅस्टिकच्या रोमन सैनिकासाठी दुसरा शब्द वापरायला माझी जीभ अजून वळत नाही.

देखणेपणात फॅलँक्सला तोड नाही, हे आधीच मान्य करतो. सोळा रांगा खोल उभे असलेले सैनिक, दोन्ही हातांत पेललेला सारिसा हा लांबलचक भाला आणि पहिल्या पाच रांगांची टोके एकाच वेळी शत्रूसमोर आलेली, हे दृश्य टेबलावर अवतरले की खेळ न समजणारी घरची मंडळीही क्षणभर थांबतात. इ. स. पू. १६८ मध्ये पिद्नाच्या लढाईत हा फॅलँक्स चालून येताना पाहून रोमन सेनापती एमिलियस पाउलस हादरला होता आणि याहून भयंकर दृश्य आपण पाहिले नाही असे तो पुढे सांगत असे. पाउलस तोवर पुष्कळ लढाया पाहिलेला मुरब्बी सेनापती होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या शब्दांचे वजन कळते. ढालींवरचे तारे आणि अर्धवर्तुळे रंगवायलाही फार आनंद होतो.

रोमन सैनिक त्या मानाने साधा दिसतो. ग्रीक इतिहासकार पॉलिबियसने त्याचा पोशाख बारकाईने नोंदवला आहे: शिरस्त्राणावर जांभळी किंवा काळी अशी तीन उभी पिसे, सामान्य ऐपतीच्या माणसाच्या छातीवर वीतभर पितळी पत्रा, आणि दहा हजार द्राख्मांहून अधिक मालमत्ता असणाऱ्याच्या अंगात कड्यांचे चिलखत. रंगवणाऱ्याच्या दृष्टीने हे वरदान आहे, कारण कड्यांच्या चिलखतावर काळ्या रंगाचा हात देऊन वर जवळजवळ कोरड्या ब्रशने चांदी फिरवली की काम झाले. मात्र खरेदी करताना एक पथ्य पाळावे. चौकोनी वाकदार ढाल आणि पट्ट्यापट्ट्यांचे चिलखत घातलेले जे रोमन दुकानात हमखास पुढे केले जातात ते साम्राज्यकाळातले आहेत. त्यांना मॅसिडोनियाचा राजा फिलिप पाचवा याच्या समोर उभे करणे म्हणजे दोन-अडीचशे वर्षांची चूक.

आता ज्या कारणाने माझा निर्णय झाला, त्याकडे येतो. ते कारण म्हणजे सारिसाची लांबी, आणि त्या लांबीचा त्रास खोक्यावरच्या चित्रातून कळत नाही. खरा सारिसा सहा मीटरच्या आसपास असे, म्हणजे २८ मि.मी.च्या माणसाच्या हातात सुमारे १० सें.मी.ची काडी आली, आणि तिचा जवळजवळ ७ सें.मी. भाग पहिल्या रांगेच्या पुढे निघालेला असतो. खोक्यातले प्लॅस्टिकचे भाले पहिल्याच महिन्यात मोडले, म्हणून मी पोलादी तार कापून भाले केले. ते मोडत नाहीत, पण बोटांत शिरतात. एका पावसाळ्यात मी ४८ जणांची तुकडी डब्यात भरून लोकलने मित्राकडे नेली, तेव्हा पोहोचेपर्यंत अकरा भाले हातांतून निखळले होते आणि आमची पहिली दोन तास लढाई गोंदाशी झाली. दोन तुकड्या शेजारी ठेवून एक वळवावी म्हटले की तिचे भाले दुसरीच्या माना अडवतात, टेकडीच्या उतारावर ती सरळ टेकत नाही, झुडपांजवळ नेली की अडकते. माझा हात जड असेल, हेही शक्य आहे. ज्यांच्याकडे कायमचे मांडलेले टेबल आहे त्यांना हा त्रास कदाचित जाणवणारही नाही.

गंमत अशी की फॅलँक्सविषयी पॉलिबियसची तक्रार हीच आहे. समोरासमोर, सपाट मैदानावर त्याच्यापुढे काहीही टिकत नाही हे तो मान्य करतो. रोमन सैनिकाला तलवार चालवायला अधिक जागा लागते, त्यामुळे एकेका रोमनासमोर दोन माणसे आणि दहा भाले येतात, असा हिशोबही त्याने मांडला आहे. पण खड्डे, ओढे, झाडे नसलेले मैदान शोधायचे कोठे, असा त्याचा प्रश्न आहे. इ. स. पू. १९७ मध्ये थेसलीतल्या किनोस्केफालेच्या टेकड्यांवर फिलिपची उजवी बाजू उतारावरून रोमनांना रेटत होती, डावी मात्र अजून नीट रांगेतही आली नव्हती आणि ती फुटली. तेवढ्यात एका रोमन ट्रिब्यूनने (लष्करी अधिकाऱ्याने), ज्याचे नाव इतिहासाने राखले नाही, वीसेक मॅनिपल, म्हणजे लीजनमधल्या लहान तुकड्या, बाजूला काढून जिंकत आलेल्या उजव्या बाजूच्या पाठीवर घातले. पुढे रोखलेले भाले मागे फिरवणे कोणालाच जमले नाही.

टेबलावर लीजनचे बळ नेमके या मोकळेपणात आहे. १२० जणांचे मॅनिपल काढता येते, वळवता येते, झाडीतून नेता येते. पुढे हस्तातींची ओळ, तिच्या मागे प्रिन्किपेसची आणि अखेरीस निम्म्याच संख्येचे त्रिआरी, म्हणजे शेवटी राखून ठेवलेले मुरब्बी सैनिक. ‘गोष्ट त्रिआरींपर्यंत गेली’ ही लॅटिन म्हण आपल्या ‘पाणी गळ्याशी आले’च्या जवळची आहे, आणि तीनदा हरता हरता वाचल्यावर ती मला खऱ्या अर्थाने कळली.

फॅलँक्सच्या बाजूने एक गोष्ट न सांगणे अन्यायाचे होईल. अलेक्झांडरने गौगामेलाच्या लढाईत फॅलँक्सवर शत्रू अडकवला आणि निकाल घोडदळाने लावला, तेव्हा तशी सेना हवी असेल तर सोबत भरपूर घोडेस्वार हवेत. त्यांच्यासह ती अतिशय समर्थ सेना होते. परंतु घोडे महाग पडतात आणि नवशिक्याच्या हातून क्वचितच चांगले रंगतात, त्यामुळे पहिल्या वर्षी बहुतेकांच्या टेबलावर घोड्यांविना फॅलँक्सच उरतो. अशा वेळी मी असतो तर आधी रोमन घेतले असते, आणि दुसऱ्या खेपेला मी तेच केले.

तरीही मन सारिसावरच बसले असेल, तर निदान मागच्या रांगांचे भाले उभे चिकटवावेत, बोटे वाचतात. माझ्या पहिल्या तुकडीतले सोळा जण काचेच्या कपाटात तसेच उभे आहेत. मॅसिडोनियाच्या सैनिकांत भाला असा उभा धरणे ही शरण येण्याची खूण होती, आणि किनोस्केफालेला ती न उमगल्याने रोमनांनी त्या माणसांनाही कापून काढले.