लिम्फोमा: केमो करावी की फक्त स्टेरॉइड द्यावं?

कुत्र्याच्या जबड्याखाली, खांद्यापुढे, मागच्या गुडघ्यांच्या पाठीमागे टणक, न दुखणाऱ्या गाठी लागल्या आणि सुईने पेशी काढून केलेल्या तपासणीत लिम्फोमा (लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा कर्करोग) निघाला, की डॉक्टर बहुधा दोन वाटा समोर ठेवतात.

फक्त प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दिलं तर गाठी काही दिवसांत उतरतात, भूक परत येते. घरच्यांना हायसं वाटतं. पण हा आराम साधारण एक-दोन महिनेच टिकतो. तहान आणि लघवी खूप वाढते, रात्रीही बाहेर न्यावं लागतं.

केमोमध्ये व्हिन्क्रिस्टीन, सायक्लोफॉस्फामाइड, डॉक्सोरुबिसिन आणि प्रेडनिसोलोन आलटूनपालटून देतात. कोर्स 19 ते 25 आठवड्यांचा. दहातल्या आठ-नऊ कुत्र्यांच्या गाठी मावळतात, आणि बी-पेशींच्या प्रकारात बरेच कुत्रे वर्षभर जगतात. टी-पेशींचा असेल तर कमी (बी आणि टी हे लिम्फोसाइटचे दोन प्रकार). आजार कायमचा जाणं मात्र विरळच.

माणसाची केमो जवळून पाहिलेले लोक इथेच कच खातात. प्राण्यांना डोस बेताचा देतात, कारण हेतू असतो चांगले दिवस मिळवण्याचा. पूडलसारख्या जाती सोडल्या तर केस फारसे गळत नाहीत. उलटी-जुलाब झाले तरी बहुधा दोन-तीन दिवसांत थांबतात. खरी काळजी डोसनंतरच्या आठवड्याभराची: पांढऱ्या पेशी घटतात. कुत्रा मलूल पडला आणि ताप 39.5 अंश सेल्सिअसवर गेला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. डोसनंतर तीन दिवस शी-शू हातमोजे घालूनच साफ करा, गरोदर बाईने अजिबात नको.

माझं ठाम मत एकाच गोष्टीबद्दल आहे. ‘आधी स्टेरॉइड चालू करू, केमोचं नंतर बघू’ असं करू नका. स्टेरॉइडने कर्करोगाच्या पेशी केमोलाही दाद देईनाशा होऊ शकतात, आणि तपासणीचा निकालही धूसर होतो. कुत्रा खातपीत असेल तर दोन-चार दिवस घ्या, पण ठरवून मगच गोळी द्या.

मांजराचं गणित वेगळं. आतड्याचा, लहान पेशींचा, सावकाश वाढणारा लिम्फोमा असेल तर क्लोरॅम्ब्युसिल (केमोचं औषध) आणि प्रेडनिसोलोनच्या गोळ्या घरीच देता येतात, आणि अनेक मांजरं दोन वर्षं किंवा त्याहून जास्त जगतात. म्हणून प्रकार कळण्यासाठी बायोप्सी टाळू नका.

दवाखान्याच्या दारातच थरथरणारा, आधीच हृदयविकार असलेला म्हातारा कुत्रा असेल तर मीही फक्त स्टेरॉइडच निवडेन. तेव्हा एक पाळा: मेलॉक्सिकॅमसारखी वेदनाशामकं सोबत देऊ नका, पोटात अल्सर होऊ शकतो.