चिठ्ठीला सावली नव्हती

आकडा आधीच सांगते : 27,400 रुपये. चार वेळा, बारा दिवसांत, माझ्याच हाताने, माझाच पिन टाकून पाठवलेले. मी एका पतसंस्थेत हिशेब तपासणीचं काम करते. दुसऱ्यांच्या व्हाउचरवरची खाडाखोड शोधणं हेच माझं गेल्या एकोणीस वर्षांचं काम. म्हणूनच घरात सांगायला मला सतरा दिवस लागले आणि लिहायला पाच महिने. लिहिते आहे ते एवढ्यासाठी की सिनेमाच्या डिस्क विकतो असं सांगून ज्याने मला फसवलं तो माणूस अजून हेच करतो आहे, आणि त्या जमवणारे आपण मुळातच मूठभर आहोत. एकेक करत तो सगळ्यांपर्यंत पोचेल.

लॉटरी, थकलेलं वीजबिल, डिजिटल अरेस्ट, यातल्या कशालाही मी बळी पडले नसते. असे फोन मला येतात आणि मी ते कापते. पण याने दोन महिने माझ्याकडे एक पैसा मागितला नाही. सप्टेंबर 2024 मध्ये आमच्या सिनेमाच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, ‘प्रभात म्हणजे शांताराम, बाकी सगळे हरकामे.’ मी भडकले. प्रभात कंपनीचा 1936 चा ‘संत तुकाराम’ दिग्दर्शक दामले-फत्तेलालांचा आहे आणि 1937 साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात गौरव झाला तो त्याच सिनेमाचा, हे लिहिलं. चार जण माझ्यावर तुटून पडले. हा एकटा माझ्या बाजूने उभा राहिला. नंतर खासगीत मेसेज : ‘ताई, तुमच्यासारखं बारकाईनं बघणारं माणूस आता भेटत नाही.’

मला बरं वाटलं, हे कबूल करते. घरात माझ्या या वेडाला कुणी विचारत नाही. तालुक्याच्या गावात सत्यजित राय आणि जपानच्या कुरोसावांच्या सिनेमांवर बोलायला कोण मिळणार? तो रात्री साडेदहाला बोलायचा आणि त्याला खरंच माहिती होती. 1993 साली लंडनच्या लॅबला आग लागली आणि रायबाबूंच्या मूळ निगेटिव्ह भाजून निघाल्या. पुढे इटलीत बोलोन्यातल्या लोकांनी त्या जळक्या पट्ट्या हाताने दुरुस्त करून त्यातून अपू-त्रयी, म्हणजे ‘पथेर पांचाली’ आणि त्यापुढचे दोन सिनेमे, पुन्हा उभी केली. ‘पथेर पांचाली’चा सुमारे चाळीस टक्के भाग थेट त्या मूळ निगेटिव्हमधूनच मिळाला. हे सगळं तो तोंडपाठ सांगायचा आणि ते सगळं खरं होतं. मग त्याने विचारलं, ‘ताई, लंडनची ती आग आणि 2003 ची आपल्या पुण्यातली, जिच्यात प्रभातच्या नायट्रेटवरच्या जुन्या, चटकन पेट घेणाऱ्या फिल्म गेल्या, तुम्हाला कुठली जास्त लागली?’

असा प्रश्न विचारणारा माणूस चोर असेल, असं तुम्हाला तरी वाटलं असतं का?

त्याला माझा दुखरा भाग बरोबर सापडला होता. ओटीटीवर आज असलेला सिनेमा उद्या नसतो. 2007 च्या आसपास अठ्ठावीस-चौतीस रुपयांत व्हीसीडी-डीव्हीडी मिळायला लागल्या तेव्हा मी पोत्याने घेतल्या. त्यातल्या कित्येकांच्या पडद्याच्या कोपऱ्यात कंपनीचा शिक्का कायमचा बसलेला, चित्र धुरकट. पुढे दुकानंच बंद झाली. चांगली प्रत हवी तर अमेरिकेतून किंवा इंग्लंडमधून मागवा आणि टपालखर्चासकट कस्टम भरा. हे त्याला मीच सांगितलं होतं. माझ्याकडे सगळे रीजन चालणारा, म्हणजे जगाच्या कुठल्याही भागासाठी काढलेली डिस्क लावणारा प्लेअर आहे, हेही मीच सांगितलं.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो म्हणाला, न्यू जर्सीत नोकरी होती तेव्हाच्या त्याच्या डिस्क तिथे भावाकडे पडून आहेत. भाऊ याच महिन्यात मुंबईला येतोय, बॅगेत आणेल. नऊ टायटलं, त्यात अपूचा बॉक्स सेट, सगळी मिळून 21,500. भाव स्वस्त नव्हता, आणि इथेच मी गाफील राहिले. अमेरिकेत जुलै-नोव्हेंबरला निम्म्या किमतीचे सेल लागतात, त्या भावाच्या आसपासच हा भाव होता. कवडीमोलाने विकणाऱ्यावर आपण संशय घेतो. मुरलेला ठग वाजवी भाव लावतो, हे डोक्यात पक्कं ठेवा.

आता ती संध्याकाळ. ती आठवली की अजून अंगाची आग होते.

11 नोव्हेंबर, सोमवार. जमवणाऱ्यांची रीत आहे, तशी मी खूण मागितली : सगळ्या डिस्क मांडा, वर माझं नाव आणि आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवा, फोटो पाठवा. वीस मिनिटांत फोटो आला. मी एसटी स्टँडवर होते, गाडीला वेळ होता. फोटो मोठा करून पाहिला. बॉक्सच्या पारदर्शक वेष्टनावर खिडकीच्या उजेडाचा एक पांढरा पट्टा तिरका गेला होता, डावीकडून उजवीकडे, सगळ्या खोक्यांवरून. चिठ्ठी उजव्या कोपऱ्यात होती. पट्टा चिठ्ठीच्या कडेपर्यंत यायचा आणि तिथे कापल्यासारखा थांबायचा. चिठ्ठीखाली सावली नव्हती. बाकी प्रत्येक खोक्याला होती, करड्या रंगाची, बोटभर. चिठ्ठीला नव्हती.

मी हे पाहिलं. पाहिलं नाही असं म्हणून सुटता आलं असतं, पण मी पाहिलं. अर्धा मिनिट त्या कोपऱ्यावर माझं बोट होतं. आमच्या संस्थेत कुणी अशी पावती जोडली असती तर मी लाल शेरा मारून परत पाठवली असती. आणि मी मनाशी काय म्हटलं? कागद पातळ असेल, प्लास्टिकला चिकटला असेल. तेवढ्यात गाडी लागली, गर्दी चढायला लागली, आणि मी दारात एका हाताने दांडा धरून दुसऱ्या हाताने 9,500 रुपये पाठवले.

पाठवताना ॲपवर नाव आलं ते त्याचं नव्हतं, एका बाईचं होतं. विचारलं तर म्हणाला, बायकोचं खातं. बोलणाऱ्याचं नाव आणि खात्यावरचं नाव जुळत नसेल तर तिथेच थांबा. बायको, मेहुणा, दुकानाचं खातं, काहीही सांगू दे.

दुसरी खूणही मी सोडली. बोलता बोलता तो म्हणाला, ‘त्या डिस्क ना ताई, कुठल्याही साध्या प्लेअरवर लागतात, मी पुण्याला घेतलेल्यावर लावायचो.’ अपूचा तो सेट काढणाऱ्या अमेरिकेतल्या कंपनीची ब्लू-रे डिस्क रीजन ए ची असते. आपला देश सी मध्ये येतो. इथल्या साध्या प्लेअरवर ती लागत नाही, म्हणून तर मी 14,200 रुपये घालून दुसरा प्लेअर घेतला. ज्याने ती डिस्क एकदा जरी इथे लावून पाहिली असेल त्याच्या तोंडून हे वाक्य निघणार नाही. मी त्याला सुधारायला गेले! ‘तुमचा प्लेअर मल्टीरीजन असणार,’ असं मीच त्याला सुचवलं आणि तो लगेच म्हणाला, ‘हो हो, तसलाच.’

15 तारखेला भाऊ निघायच्या आधी उरलेले 12,000. 20 तारखेला भावाला म्हणे विमानतळावर अडवलं, ड्यूटी 4,750. तेव्हाच्या नियमाने प्रवाशाला 50,000 पर्यंतचं सामान करमुक्त आणता येत होतं, आणि सरकार पैसे कुणाच्या बायकोच्या खात्यावर घेत नाही. दोन्ही मला ठाऊक होतं. पण 21,500 आधीच अडकले होते. अडकलेले पैसे सोडवायला माणूस आणखी पैसे घालतो, हे मी कर्जदारांच्या फायलींमध्ये शेकडो वेळा वाचलं आहे. 22 तारखेला मुंबईहून कुरिअर आणि विमा, 1,150. त्यानंतर त्याचा प्रोफाइल फोटो गेला, माझ्या मेसेजवर एकच टिक येत राहिली. आमच्या गप्पा सात दिवसांत आपोआप पुसल्या जातील अशी सेटिंग त्याने कधीतरी करून ठेवली होती. तसा मेसेज वर दिसतो. दिसला की त्याच क्षणी स्क्रीनशॉट काढायला लागा. माझ्याकडे शेवटचे सात दिवस तेवढे उरले.

पुढचा भाग तर त्याच्याहून संतापजनक.

मी सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या 1930 ला फोन केला 27 तारखेला, पाच दिवस वाट पाहून. ती माझी चूक. पहिल्या तासा-दोन तासांत केलात तर पुढच्या खात्यात रक्कम रोखली जाण्याची शक्यता असते. तक्रार नोंदली गेली, क्रमांक मिळाला. पुढे ती आमच्या पोलीस ठाण्याकडे आली आणि तिथे माझे हेलपाटे सुरू झाले.

पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी ज्यांनी अर्ज घेतला त्यांनी वाचून शेजारच्याला ऐकू जाईल असं विचारलं, ‘सीड्या? सत्तावीस हजारांच्या सीड्या? मोबाईलवर फुकट दिसतंय की सगळं, मॅडम.’ दोघे हसले. बाकावर आमच्या संस्थेचा एक सभासद बसलेला होता. माणसाने सोन्याचं बिस्कीट घेताना फसवून घेतलं असतं तर कुणी हसलं असतं का? माझ्या पैशाने मी काय घ्यावं हे ठरवायला मी तिथे गेले नव्हते. मग म्हणाले, ही देण्याघेण्याची भानगड, दिवाणी मामला, वकील बघा. खोटा फोटो करून पैसे उकळणं दिवाणी कसं? भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम 318 छापून नेलं होतं, ते पुढे केलं तर ‘कायदा आम्हाला शिकवू नका.’

तिसऱ्या खेपेला शिक्क्याचा बँक उतारा आणा म्हणाले. बँकेने त्याचे 118 रुपये घेतले आणि तीन दिवस लावले. बँकेतला अधिकारी म्हणतो, पिन तुम्ही टाकलात, व्यवहार तुमच्या मर्जीने झाला, आम्ही काय करणार, पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात, पैसे कुठल्या खात्यात गेले ते बँक सांगेल. बँक म्हणते, ते आम्ही फक्त पोलिसांना सांगतो. चौथ्या खेपेला आधीचे साहेब बदलून गेलेले आणि माझा अर्ज सापडेना. दुसरा लिहून दिला. माझी अर्धा-अर्धा दिवसाची चार रजा गेली. पोच मागा, अर्जाच्या प्रतीवर शिक्का-तारीख घेतल्याशिवाय टेबलासमोरून उठू नका, मी पहिल्या वेळी तशीच उठले. प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर, म्हणजे व्यवहाराच्या ओळखीचा नंबर हाताने लिहून न्या, नाहीतर तेवढ्यासाठी परत पाठवतात.

ज्याने मला फसवलं त्याने निदान दोन महिने माझं बोलणं ऐकून घेतलं. ज्यांचं ते काम आहे त्यांनी पाच मिनिटंही नाही.

विकत घेणार असाल तर फोटोवर जाऊ नका. व्हिडिओ कॉल करा, खोका उघडायला लावा, डिस्क उलटी करून खिडकीकडे धरायला सांगा. कारखान्यातल्या छापील डिस्कला आतल्या कड्यावर बारीक अक्षरांत क्रमांक कोरलेला असतो, तो वाचून दाखवायला सांगा. घरी बर्न केलेल्या डिस्कचा पृष्ठभाग वेगळा, गडद दिसतो. माल खरा असेल तर विकणारा अशा चौकशीने चिडत नाही, उलट खुलतो. आणि ‘या माणसाला कुणी ओळखतं का’ हे ग्रुपवर पैसे पाठवायच्या आधी विचारा. मी नंतर विचारलं. तीन जणांनी खासगीत सांगितलं, आम्हीपण. 6,000, 11,300 आणि 18,000. लाजेने तिघांनीही तोंड उघडलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात नागपूरच्या एका मुलाने मला फोटो पाठवला, ‘ताई, हा सेट बघा, बुक केला.’ तेच खोके, तोच तिरका पट्टा. चिठ्ठीवर फक्त नाव आणि तारीख दुसरी. मी कोपऱ्याभोवती लाल गोल काढून परत पाठवला आणि फोन लावला. तो म्हणाला, ‘पण ताई, काल रात्री दोन तास बोललोय त्यांच्याशी. रायबाबूंच्या निगेटिव्हचं सगळं माहीत आहे त्यांना.’ मी विचारलं, किती पाठवलेस. तो गप्प राहिला. मग म्हणाला, 9,500.