जॅकनाइफ की बूटस्ट्रॅप? कर्जाच्या सर्वेक्षणासाठी रेप्लिकेट वेट्स निवडताना

यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी, घाटंजी आणि केळापूर या तीन तालुक्यांत आम्ही शेतकरी कुटुंबांच्या कर्जाचं सर्वेक्षण केलं. प्रत्येक तालुक्यात ओलिताची आणि कोरडवाहू अशी गावं वेगळी केली. म्हणजे स्तर सहा, प्रत्येकातून गावं सहा, एकूण 36. तुमचा आराखडा साधारण असाच असेल, तर रेप्लिकेट वेट्स कोणते करायचे हा प्रश्न तुमच्याही पुढ्यात येईल. नमुन्यातलं एक घर किती घरांच्या वतीने बोलतं तो त्याचा भार; हे भार थोडे थोडे बदलून केलेले संच म्हणजे रेप्लिकेट वेट्स. दर संचाने आकडा किती हलतो, त्यावरून त्याची प्रमाण त्रुटी काढतात. बीआरआर (बॅलन्स्ड रिपीटेड रेप्लिकेशन, म्हणजे दर वेळी प्रत्येक स्तरातलं एकच गाव धरून अर्ध्या नमुन्यावर आकडा काढणं) मी लगेच बाजूला ठेवलं. त्याला प्रत्येक स्तरात दोनच गावं लागतात आणि सहा गावांच्या ओढूनताणून जोड्या लावणं मला पटेना.

सुरुवात जॅकनाइफने केली. एक गाव गाळायचं, त्याच स्तरातल्या उरलेल्या पाच गावांचे भार 6/5 पट करायचे आणि आकडा पुन्हा काढायचा. गावं 36, तर फाइलीत भारांचे कॉलमही 36. कितीदाही चालवा, उत्तर तेच. शिवाय कोणता कॉलम कोणत्या गावाचा हे ठाऊक असतं. कृषी केंद्राच्या उधारीची सरासरी एकच गाव वर ओढत होतं, ते मला असंच सापडलं. सरासरी, टक्केवारी, गुणोत्तर यांच्यासाठी ही पद्धत चोख आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही जननदराची त्रुटी जॅकनाइफनेच काढतात.

घोडं अडलं मध्यकापाशी, म्हणजे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या घराच्या आकड्यापाशी. सावकाराचं देणं किती, असं विचारलं की घरधनी थोडा वेळ गप्प राहतो, आत घरात बघतो आणि म्हणतो, "लिहा ना भाऊ, पन्नास हजार." वही सावकाराकडे, व्याज दर हंगामाला वाढलेलं, 47 हजार की 53 हजार हे तो बिचारा सांगणार कुठून? अशी गोल आकड्यांची उत्तरं घरोघर मिळाली. मध्यक आला 50 हजार. मग एकेक गाव गाळत गेलो, तर 36 च्या 36 वेळा 50 हजारच. प्रमाण त्रुटी शून्य! नमुन्यातल्या मोजक्या घरांवरून काढलेल्या आकड्याला शून्य त्रुटी लावून अहवाल पाठवायला माझं मन धजेना. गोल आकडे नसते तरी मध्यकाच्या बाबतीत एक-एक गाळणारं जॅकनाइफ भरवशाचं नाहीच. गाव गाळलं की सरासरी थोडी तरी हलते. मध्यक जागचा हलत नाही, आणि हलला की एकदम उडी घेतो.

बूटस्ट्रॅपमध्ये प्रत्येक स्तरातल्या सहा गावांतून पाच चिठ्ठ्या काढायच्या, काढलेली चिठ्ठी दर वेळी परत टाकून. एकदा निघालेल्या गावाचा भार 1.2 पट, दोनदा निघालेल्याचा 2.4 पट, न निघालेल्याचा शून्य. सहाही स्तर एकदम ढवळले जातात, म्हणून मध्यक कधी 40 हजारांवर गेला, कधी 60 वर. 500 वेळा हे करून फरकांच्या वर्गांची सरासरी घेतली, तिचं वर्गमूळ काढलं आणि पटण्याजोगी त्रुटी हाती आली. गोल आकड्यांमुळे तीही थोडी खडबडीतच असते, म्हणून मी तिच्या जोडीला या 500 मध्यकांचा पल्लाही देतो.

बूटस्ट्रॅपची फाइल जड होते आणि सीड (संगणकाच्या चिठ्ठ्या कुठून सुरू व्हायच्या ते ठरवणारा आकडा) बदललं की त्रुटीचा आकडा किंचित सरकतो. 500 कॉलम झाले म्हणून माहिती वाढत नाही, हेही ध्यानात असू द्या. स्वातंत्र्याच्या मात्रा (त्रुटीच्या अंदाजामागे स्वतंत्र माहिती किती, त्याचं माप) दोन्हीकडे गावं वजा स्तर, म्हणजे 30 च. 'आर' या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरच्या सर्व्हे पॅकेजमध्ये दोन्ही पद्धती आहेत, प्रकाराचं नाव तेवढं बदलायचं: 'जेकेएन'च्या जागी 'सबबूटस्ट्रॅप'.

तुमच्या अहवालात फक्त सरासऱ्या आणि टक्के असतील, तर जॅकनाइफ सोडायचं कारण मला तरी दिसत नाही. पण कर्जात दोन-चार मोठे आकडे सरासरी फुगवतात, आणि गावात वाचून दाखवायला गेलं की लोक विचारतात ते मधल्या घराचंच. म्हणून मी आता बूटस्ट्रॅपची फाइल देतो आणि सीडचा आकडा पहिल्याच पानावर छापतो.