हवा किती ठेवावी: थारसाठी वापरत असलेला डिफ्लेटर, गेज आणि कंप्रेसर

महिंद्रा थारसोबत मी जो संच बाळगतो त्यात तीन वस्तू आहेत: वॉल्व्हची पिन बाहेर ओढून हवा सोडणारा पितळी डिफ्लेटर, 0 ते 60 पीएसआयची (पीएसआय हे हवेच्या दाबाचे एकक) तबकडी असलेला स्वतंत्र प्रेशर गेज आणि बॅटरीला थेट चिमट्यांनी जोडायचा दोन सिलिंडरांचा 12 व्होल्टचा कंप्रेसर. तिन्ही मिळून खर्च दहा-बारा हजारांच्या घरात जातो. कंपन्यांची नावे मुद्दाम देत नाही, कारण एकाच साच्यातला कंप्रेसर बाजारात वेगवेगळ्या नावांनी मिळतो आणि घेणाऱ्याने वरच्या लेबलपेक्षा आतली रचना पाहणे अधिक उपयोगाचे आहे. डिफ्लेटर आणि गेज यांबद्दल माझे मत निःसंशय चांगले आहे. कंप्रेसरबद्दल चांगले आहे, पण दोन तक्रारींसह.

या वस्तूंची पारख मी एकाच कसोटीवर करतो. कच्च्या रस्त्यावर टायरमध्ये किती हवा असावी हे जमीन ठरवते, आणि जमीन तर अर्ध्या तासात तीनदा बदलते. ज्याच्याकडे हवा परत भरण्याची सोय नाही तो हवा कमी करायला धजत नाही, आणि मग पक्क्या रस्त्याच्या दाबावरच दगडधोंड्यांतून गाडी हाकतो. चाके जागेवर फिरतात, गाडी उसळते, टायर कापतो आणि दोष मात्र टायरच्या नक्षीला दिला जातो. लाइटबार, विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारे यंत्र) आणि लोखंडी बंपर यांवर मोठी रक्कम खर्च करणाऱ्यांच्या गाडीत साधा गेजही नसतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मूळ आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर छापलेला असतो आणि तो थंड टायरचा असतो, म्हणजे गाडी काही तास उभी असताना मोजलेला. टायरच्या कडेवर कोरलेला कमाल दाबाचा आकडा त्या टायरची मर्यादा सांगतो. तो भरायचा आकडा नव्हे. त्यापुढे मी पीएसआयऐवजी प्रमाणात विचार करतो, कारण 195/80 आर15 टायरांची (मिलिमीटरमध्ये रुंदी, रुंदीच्या टक्क्यांत बाजूची उंची आणि इंचांत रिम) मारुतीची हलकी जिम्नी आणि 255/65 आर18 टायरांची त्याहून बरीच जड थार यांना एकच आकडा लागू पडत नाही. पट्टीवर 30 असेल असे धरले, तर खडीच्या आणि खडबडीत कच्च्या रस्त्यावर साधारण 25, दगडांत आणि चिखलात 20 ते 22 आणि मोकळ्या वाळूत 15 ते 16, अशी माझी सुरुवात असते. गाडीत पाच माणसे आणि सामान असेल तर प्रत्येक आकड्यात दोन-तीनची भर घालावी लागते.

हवा कमी केल्यावर टायर रुंदीपेक्षा लांबीत अधिक टेकतो. जमिनीवरचा ठसा पुढे-मागे लांबतो, नक्षीचे अधिक ठोकळे एकाच वेळी पकड घेतात आणि गाडीचे वजन अधिक जागेवर वाटले जाते. हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर सपाट ओल्या मातीवरून 30च्या दाबाने आणि मग 18च्या दाबाने गाडी हळू नेऊन थांबवावी आणि टायरच्या पुढे-मागे काडी रोवून दोन्ही ठशांची लांबी मोजावी. एकदा हा फरक पाहिलेला माणूस पुन्हा हवेबद्दल वाद घालत नाही.

सह्याद्रीतील बेसॉल्टचा दगड हा मात्र निराळा विषय आहे आणि येथेच सर्वाधिक गल्लत होते. घाटमाथ्यावरच्या जुन्या गाडीवाटांवर सुट्या धोंड्यांच्या कडा धारदार असतात. टायर टणक असेल तर दगडाचे टोक नक्षीच्या एकाच बिंदूवर सगळा भार घेऊन आत घुसते. हवा कमी असेल तर टायर दगडाला लपेटून पुढे सरकतो. मात्र हवा फारच कमी केली की टायरची बाजू बाहेर फुगते, आणि ती बाजू नक्षीच्या भागाइतकी जाड कधीच नसते. दोन धोंड्यांमधून जाताना कापली जाते ती हीच बाजू, आणि तो काप पंक्चरवाल्याच्या दोरीने बुजत नाही. म्हणून दगडांत मी मूळ आकड्याच्या दोन तृतीयांशाखाली उतरत नाही. आणखी कमी करावेसे वाटले तर आधी खाली उतरून वाट बदलता येते का ते पाहतो, कारण बहुतेक वेळा अडचण दाबाची नसून चाक कोठे ठेवले याची असते.

टायरची उंची येथे महत्त्वाची ठरते. 255/65 मापात रिमपासून जमिनीपर्यंत टायरची बाजू सुमारे 166 मिलिमीटर भरते, तर थारच्याच 16 इंची रिमवर येणाऱ्या 245/75 टायरमध्ये ती सुमारे 184 मिलिमीटर असते. मोठी रिम शोरूममध्ये देखणी दिसते, पण हवा सोडायला वाव देणारी उंची लहान रिमच्या टायरमध्ये असते. पाच दारांच्या थार रॉक्सच्या 19 इंची रिमवर 255/60 टायर असेल तर ही उंची 153 मिलिमीटरवर येते, आणि रिम दगडावर आपटण्याचा धोका तितकाच वाढतो.

कोकणातला पावसाळी चिखल वेगळा वागतो. जांभ्याच्या भागात वरची लाल माती निसरडी आणि खालचा थर टणक असतो, त्यामुळे मूळ आकड्याच्या तीन चतुर्थांशापर्यंत उतरणे पुरेसे होते. त्याहून खाली गेल्याने फारसे काही पदरात पडत नाही. भातखाचरांच्या कडेच्या खोल, चिकट चिखलात दाबापेक्षा टायरची नक्षी आणि चाकाचा वेग हेच जास्त मदत करतात. वाळूसाठी मूळ आकड्याच्या निम्म्यावर यावे हा नियम जैसलमेरच्या टेकड्यांवर खरा ठरतो. समुद्रकिनाऱ्यावर मात्र गाडी घालूच नये. गोव्यात त्यावर कायद्याने बंदी आहे, आणि कोकणच्या किनाऱ्यावरील वाळूत ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी असतात.

आता वस्तूंकडे वळतो. डिफ्लेटर ही या संचातली सर्वांत समाधान देणारी वस्तू आहे. तो वॉल्व्हच्या आट्यांवर हाताने बसवायचा, मागचा दांडा आत दाबून डावीकडे फिरवायचा आणि पिन सुटल्याचे बोटांना जाणवले की दांडा मागे ओढायचा. पिन डिफ्लेटरच्या पोटातच अडकून राहते, गवतात हरवत नाही. मग बाजूची कडी सरकवली की हवा मोठ्याने फुत्कारत बाहेर पडते, आणि पावसाळी हवेत पितळ इतके गार होते की त्यावर दव धरते. कडी परत ओढली की हवा थांबते आणि डिफ्लेटरवरचा काटा स्थिर होतो. तीसवरून सोळावर यायला एका टायरला सुमारे एक मिनिट लागते. पिन किल्लीच्या टोकाने दाबून बसणाऱ्याला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. चार टायरांना एकदम लावायच्या, ठरावीक दाबावर आपोआप बंद होणाऱ्या छोट्या पितळी टोप्याही मिळतात आणि त्या सोयीच्या आहेत, परंतु प्रत्येक वेळी निराळा आकडा हवा असेल तर त्या पुन्हा जुळवत बसावे लागते. माझ्यासारख्याला, जो जमीन पाहून आकडा बदलतो, पिन ओढणारा डिफ्लेटरच योग्य वाटतो. वॉल्व्हच्या दोन-चार जास्तीच्या पिना डबीत ठेवाव्यात. आट्यांत वाळू गेली की जुनी पिन नीट बसत नाही.

गेज वेगळा का हवा, असे मला अनेक जण विचारतात. तबकडीचा गेज मधल्या पट्ट्यात सर्वांत भरवशाचा असतो. 0 ते 150च्या तबकडीवर 16 आणि 18 यांतला फरक काट्याच्या जाडीएवढा दिसतो, 0 ते 60च्या तबकडीवर तो स्पष्ट वाचता येतो. शिवाय पेट्रोल पंपावरचे यंत्र, कंप्रेसरवरचा काटा आणि गाडीचा सेन्सर हे तिघे एकच आकडा दाखवतील याची खात्री नसते. एकच गेज कायम वापरला तर निदान स्वतःच्या नोंदींची एकमेकींशी तुलना होते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटरवर आहे. तेथे भरलेला टायर कोकणात उतरल्यावर केवळ बाहेरील हवेचा दाब वाढल्यामुळे जवळपास एक पीएसआयने कमी दिसतो, आणि तापमान 10 अंशांनी वाढले की दीड पीएसआयने जास्त दिसतो. हे माहीत असले की माणूस उगाच हवा भरत किंवा सोडत बसत नाही.

कंप्रेसरच्या बाबतीत जाहिराती सर्वाधिक दिशाभूल करतात. खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'कमाल 150 पीएसआय' लिहिलेले असते, जेव्हा या गाडीला 40च्या वर कधीच जायचे नसते. पाहायचे ते दोन आकडे: मिनिटाला किती लिटर हवा आणि सलग किती मिनिटे चालण्याची मुभा. 255/65 आर18 टायरची पोकळी ढोबळमानाने 60 लिटरची आहे. वातावरणाचा दाब 14.7 पीएसआय असल्यामुळे 16वरून 30वर जाणे म्हणजे त्या पोकळीत तिच्याच मापाची नवी हवा जवळजवळ आणखी एकदा कोंबणे. चार टायरांचे सुमारे 240 लिटर होतात. लेबलवरचे लिटर टायर न जोडता, म्हणजे उलट्या दाबाविना मोजलेले असल्याने प्रत्यक्षात ते कमी पडतात. लायटरच्या सॉकेटमध्ये लावायचा छोटा इन्फ्लेटर त्या सॉकेटच्या 10 ते 20 अँपिअरच्या फ्यूजने बांधलेला असतो. एक मऊ झालेला टायर भरायला तो उत्तम आहे, पण चार टायर निम्म्यावरून वर आणताना तो तापतो आणि मध्येच विश्रांती मागतो. माझ्याकडचा दोन सिलिंडरांचा कंप्रेसर लेबलवर 70 लिटर सांगतो आणि एका टायरला सुमारे दोन मिनिटे घेतो. तो चालू असताना इंजिन सुरू ठेवावे, नाहीतर बॅटरी बसते.

तक्रारी दोन. गुंडाळीची नळी मागच्या चाकांपर्यंत ताणूनच पोहोचते, आणि नळीचे पितळी तोंड दोन टायरांनंतर इतके तापते की हातमोज्याशिवाय ते सोडवता येत नाही. निर्मात्याने एक मीटर नळी आणि तोंडावर रबराचे आवरण दिले असते तर किमतीत फारसा फरक पडला नसता. कंप्रेसरवरचा काटाही मशीन चालू असताना दाब जास्त दाखवतो, म्हणून बंद करून स्वतंत्र गेजवर वाचणे भाग आहे. हा काट्याचा दोष मात्र या प्रकारच्या जवळजवळ सर्वच यंत्रांत असतो.

कमी हवेवर मी ताशी 25-30 किलोमीटरच्या वर जात नाही, आणि वाळूत निम्म्या दाबावर असताना स्टिअरिंग एकदम वळवत नाही, कारण टायरची कड रिमवरून निसटते ती अशाच वळणावर. डांबरी रस्ता लागताच कंप्रेसर बाहेर निघतो. मऊ टायर वेगात सतत मुडपत राहतो, तापतो आणि आतून फाटतो. वर आल्यावर भरलेला आकडा बरोबर आहे का, याचा एक चांगला पडताळा आहे: तासभर महामार्गावर चालल्यानंतर दाब थंड टायरच्या मानाने चार-पाच पीएसआयने चढावा. त्याहून बराच जास्त चढला तर हवा कमी किंवा भार जास्त आहे असे समजावे.

वर्षातून एखाद्याच वेळी कच्च्या रस्त्यावर जाणाऱ्याने गेज आणि सॉकेटवरचा छोटा इन्फ्लेटर एवढेच घ्यावे, आणि हवा मूळ आकड्याच्या तीन चतुर्थांशाखाली नेऊ नये. पावसाळाभर घाटांत आणि कोकणात फिरणाऱ्याने डिफ्लेटर आधी घ्यावा, दोन सिलिंडरांचा कंप्रेसर लगेच त्यामागून घ्यावा, आणि दुकानातच नळी उलगडून ती मागच्या चाकापर्यंत पोहोचते का ते पाहून घ्यावे.